उत्तर देणारा पडदा



व्हिडिओ खेळांचा इतिहास रायपूरमध्ये सांगावयाचा झाल्यास त्याचा आरंभ दूरचित्रवाणीपासून करणे उचित ठरेल. उपग्रहाद्वारे शिक्षण देण्याचा ‘साइट’ हा प्रयोग 1 ऑगस्ट 1975 रोजी भारतात सुरू झाला. सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेडी त्यासाठी निवडण्यात आली होती आणि त्यांत तत्कालीन मध्य प्रदेशातील रायपूर जिल्ह्याच्या खेड्यांचाही समावेश होता. सार्वजनिक जागी ठेवलेला एक संच आणि तारेच्या जाळीचा मोठा अँटेना, एवढ्या साधनांनी शेती, आरोग्य व शिक्षण या विषयांवरील कार्यक्रम ग्रामस्थांपर्यंत पोहोचले. वर्षभराने हा प्रयोग संपला. 1977 मध्ये रायपूरला प्रक्षेपण केंद्र मिळाले. या कार्याचे मोल मोठे आहे. तथापि पडदा बोलत असे आणि गाव ऐकत असे. पेरणीविषयी एखादी शंका आली तरी ती पडद्याला विचारण्याची सोय नव्हती.

ही मर्यादा केवळ भारतातील नव्हती. जर्मनीत जन्मलेले व अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते राल्फ बेअर यांना 1966 मध्ये असा प्रश्न पडला की, घरोघरी असलेल्या या संचाचा, कार्यक्रम पाहण्यावाचून दुसरा काही उपयोग करता येईल काय? पडद्यावर खेळण्याची कल्पना तशी नवी नव्हती. विल्यम हिगिनबॉथम यांनी 1958 मध्ये ब्रुकहेवन प्रयोगशाळेत टेनिसचा खेळ पाहुण्यांसाठी मांडला होता, तर 1962 मध्ये स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर ‘स्पेसवॉर’ रचला होता. परंतु ती यंत्रे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. बेअर यांच्या कल्पनेतून 1972 मध्ये ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ हा घरी खेळावयाचा पहिला संच बाजारात आला. त्यात ध्वनी नव्हता, गुण मोजण्याची व्यवस्था नव्हती; मैदान दाखविण्यासाठी काचेवर रंगीत पारदर्शक पत्रक लावावे लागे. परंतु हाताने बटण फिरविताच पडद्यावरील ठिपका सरकत असे. प्रेक्षक कर्ता झाला, तो येथे.

पुढील वाटचाल वेगाने झाली. त्याच वर्षी ॲलन अल्कॉर्न यांनी ‘पाँग’ तयार केला. कॅलिफोर्नियातील एका मद्यगृहात ठेवलेले त्याचे यंत्र नाण्यांनी काठोकाठ भरल्यामुळे बंद पडले. तोमोहिरो निशिकादो यांच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये (1978) शत्रू कमी होतील तसे यंत्राचे काम हलके होई आणि उरलेल्यांची गती वाढे. यंत्राच्या दुबळेपणातून खेळाची रंगत वाढली ती अशी. तोरू इवातानी यांनी ‘पॅक-मॅन’मधील (1980) चारही भुतांना वेगवेगळा स्वभाव दिला. मॉस्कोत 1984 मध्ये अलेक्सी पाजित्नोव यांनी ‘टेट्रिस’ रचला, तेव्हा त्यांच्या संगणकाला चित्रे काढता येत नव्हती. कंसांची चिन्हे जोडून त्यांनी ठोकळे दाखविले.

भारतातील शहरांत हे खेळ मोठ्या प्रमाणावर पोहोचले ते 1990 च्या दशकात. घरच्या संचाला जोडावयाच्या त्या खेळांना मुले ‘कॅसेट’ म्हणत. हाताने कळ दाबावी आणि पडद्याने तत्क्षणी उत्तर द्यावे, ही सवय या पिढीच्या अंगवळणी पडली. आज दूरध्वनीच्या काचेवर बोट फिरविणाऱ्याला त्यात नवल वाटत नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 2012 मध्ये ‘पॅक-मॅन’ व ‘टेट्रिस’ यांना आपल्या संग्रहात स्थान दिले.

परंतु या वारशाला दुसरी बाजूही आहे. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राचे हित खेळ लवकर संपून दुसरे नाणे पडण्यात होते. आज नाण्याची जागा खेळणाऱ्याच्या वेळेने घेतली आहे. उत्तर देणारा पडदा माणसाला शिकवू शकतो, तसाच गुंतवूनही ठेवू शकतो. ‘साइट’च्या पडद्याजवळ हेतू थोर होता, पण खेड्याचा प्रश्न ऐकण्याचे साधन नव्हते. आज साधन हाताशी आहे. रायपूरच्या शाळेतील मुलाला खेळण्याबरोबरच एखादा साधा खेळ रचावयासही शिकविले, तर त्या दोहोंची सांगड घालता येईल. आणि बेअर यांनी विचारलेला प्रश्न तो मुलगा स्वतःच्या भाषेत पुन्हा विचारू लागेल.