७,७७६ टाके आणि आजीचं लुगडं

दिवाळीच्या सुट्टीला गावी निघालेल्या, कोकण रेल्वेच्या डब्यात दरवाजाजवळ बॅगेवर बसून हे ऐकणाऱ्या सगळ्यांना आज स्पेशल नमस्कार. कुडाळ यायच्या आत एपिसोड संपवतो.

आज कोडिंगवर काही नाही. आजचा विषय गोधडी. आमच्याकडे जुनी माणसं वाकळही म्हणतात. आणि तिचं छोटं भावंड, म्हणजे बाळाचं दुपटं.

सुरुवात आकड्याने करतो, कारण सवय जात नाही. तीन फूट बाय तीन फूट दुपटं घ्या. शिवणीच्या दोन ओळींत अर्धा इंच अंतर. म्हणजे ७२ ओळी, प्रत्येक ओळ ३६ इंच. एका इंचात तीन टाके धरले तर एकूण टाके होतात ७,७७६. दोरा जातो कमीत कमी ६६ मीटर. आई मिनिटाला साधारण पंधरा टाके घालते, मी मोबाईलवर टायमर लावून मोजलंय. (ती वैतागली होती.) म्हणजे नुसती शिलाई साडेआठ तासांची. त्यात धुणं, वाळवणं, फाडणं, थर लावणं, सुईत दोरा ओवणं काहीच धरलेलं नाही.

हे सगळं कोणासाठी, तर श्रावणात आमच्या ताईला मुलगी झाली. पुण्याहून ती पहिल्यांदा बाळाला घेऊन मालवणला येतेय, दिवाळीत. सगळे विचारतायत काय गिफ्ट देणार. मी ॲपवर कार्ट भरून ठेवली होती, आईने बघितली आणि एवढंच म्हणाली, "दुपट्याचा काय?"

आता गंमत अशी की गोधडी शिवायला कौशल्य लागतं असं आपण समजतो. खरं सांगू? टाका एकच, साधा धावदोरा. सुई खाली, सुई वर. मी दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी सरळ घालायला लागलो. अडतं ते कापडापाशी. दुपट्याला जुनं सुती कापड लागतं, आणि जुनं म्हणजे खरंच वापरून जुनं झालेलं. नवीन कापडात खळ असते, धागे ताठ असतात. वीस वर्षं विहिरीवर आपटून धुतलेल्या लुगड्याचे धागे सैल पडलेले असतात, कापड अंगाला लागतच नाही. हा मऊपणा कुठल्याही वेबसाईटवर 'ॲड टू कार्ट' होत नाही. कोणीतरी तो वीस वर्षं अंगावर वागवलेला असावा लागतो.

आणि तो स्टॉक संपत आलाय मंडळी. मला आज मुख्यतः हेच सांगायचंय.

थोडा इतिहास, फास्ट फॉरवर्डमध्ये. आमच्या पट्ट्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाडीतून कोणीतरी मुंबईत गिरणीत होतं. माझे आजोबा परळला एका मिलमध्ये होते. गणपतीला चाकरमानी यायचे तेव्हा ट्रंकेत कापड असायचंच. गावातल्या वाकळींचा कच्चा माल असा मुंबईहून यायचा, पण थेट नाही. आधी तो अंगावर नेसला जायचा, मग शेतात नेसला जायचा, मग त्याची वाकळ व्हायची, आणि वाकळ फाटली की पायपुसणं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. बऱ्याच गिरण्या त्यानंतर कधी धड उभ्याच राहिल्या नाहीत. आजोबा ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. पुढे १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणात कृत्रिम धाग्याला मोकळीक मिळाली आणि हळूहळू घराघरात पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. स्वस्त, इस्त्री नको, पावसात लवकर वाळतात. कोकणात जून ते सप्टेंबर कपडे वाळवून दाखवा, मग बायकांनी त्या साड्या का घेतल्या ते आपोआप कळेल. मी कोणालाच दोष देत नाही.

पण त्या साड्यांची गोधडी होत नाही. म्हणजे शिवता येते, दिसते पण छान, फोटोत तर एकदम भारी. अंगावर घेतली की घाम. साधं विज्ञान आहे. सुती धागा हवेतली ओल स्वतःच्या वजनाच्या साधारण आठ टक्क्यांपर्यंत धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. बाळाच्या दुपट्याचं मुख्य काम काय असतं ते तुम्हाला माहितीच आहे. शू पॉलिएस्टरवरून वाहत जाते, सुती थरात जिरते. चार थर असतील तर खालची गादी वाचते.

तर आमच्या घरात आजीची सुती लुगडी उरली होती दोन. आजी जाऊन तीन वर्षं झाली. एक हिरवं, लाल काठाचं. दुसरं निळसर, त्याचा मूळ रंग कोणता होता यावर घरात एकमत नाही. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. एका लुगड्याचे दुपट्याच्या मापाचे नऊ तुकडे निघतात. चार थरांचं एक दुपटं धरलं तर एका लुगड्यात दोन दुपटी आणि एक तुकडा शिल्लक. हे कागदावर. प्रत्यक्षात बसायच्या जागेचं कापड विरलेलं असतं, ते फक्त आतल्या थरात चालतं. आजीला नातवंडं चार. त्यांना पुढे मुलं किती होतील ते कोणाच्याच एक्सेल शीटमध्ये नाही.

आई लुगडं काढून बसली आणि डोंबिवलीहून काकीचा फोन आला. तिला ताईकडून कळलं होतं. काकी म्हणाली, आजीची आठवण आहे, फाडू नका, एक तरी अखंड ठेवा. आवाज जड झाला होता तिचा. लग्न होऊन आली तेव्हा तिला नऊवारी नेसायला आजीनेच शिकवलं होतं. आईने ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "पेटयेत ठेवन काय होतला? कसर खातली."

कसर म्हणजे कपडे आणि पुस्तकं खाणारा तो चंदेरी किडा. आईचं बरोबरच आहे. आमच्या दमट हवेत घडी घालून ठेवलेलं सुती कापड घडीवरच आधी फाटतं. वापरात असलेलं कापड उन्हात जातं, धुतलं जातं, म्हणून टिकतं. पण काकीचंही मला पटत होतं. फाडलं की ते लुगडं राहत नाही, कोणाला नेसता येणार नाही. मधला मार्ग वगैरे काही नव्हता. शेवटी आईने हिरवं घेतलं आणि निळं परत पेटीत ठेवलं. काकीला व्हिडिओ कॉल लावला आणि पहिला फाड तिच्यासमोर घातला.

फाड म्हणालो, कात नाही म्हणालो. मी कात्री घेऊन बसलो होतो, आई म्हणाली, "कापू नको रे झिला. फाड. फाडल्यार कापड सरळ जाता." थोडी चीर द्यायची आणि ओढायचं. कापड धाग्याच्या रेषेत फाटतं, कोपरे काटकोनात येतात. मला तो आवाज आवडला नाही, काकीलाही नाही. काकी मग स्वतःच म्हणाली, लाल काठ वरच्या बाजूला घ्या, दिसू दे.

पुढचं काम असं. सोडा घालून गरम पाण्यात धुवायचं, ऑक्टोबरच्या उन्हात कातळावर दगड ठेवून वाळवायचं. मग जमिनीवर चटई, त्यावर तळाचं कापड, त्यावर विरलेले तुकडे, वरती चांगला तुकडा, काठ आत दुमडून घ्यायचे. मोठे कच्चे टाके घालून थर अडकवायचे. मग कडेपासून सुरू करून चौकोनात फिरत फिरत आत यायचं. परदेशात क्विल्ट करणारे बहुतेक मधून सुरू करून बाहेर जातात. आपल्याकडे उलट. असंच बाहेरून आत उत्तर कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायका करतात, त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. मूळचे आफ्रिकेतून आलेले हे लोक कोंकणी बोलतात. नकाशावर बघाल तर आपल्यापासून फार लांब नाहीत. त्यांच्या कवंदीला कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुलं असतात. आई यूट्यूबवर ती बघून गप्प झाली. दुसऱ्या दिवशी आमच्या दुपट्याच्या एका कोपऱ्यावर लाल फूल होतं. एकाच, कारण लाल काठ तेवढाच उरला होता.

दिवसा भातकापणी, त्यामुळे आईचं शिवण दुपारी तासभर आणि रात्री. मी स्टँडअप मीटिंगला कॅमेरा बंद करून चार ओळी घालतो. मॅनेजर ऐकत असेल तर नमस्कार सर.

आता विकण्याचं. तारकर्लीला शेजाऱ्यांच्या होमस्टेमध्ये आलेल्या एका पाहुण्या बाईंनी ओसरीवर हे काम बघितलं आणि किंमत विचारली. आई म्हणाली, "ह्या विकूचा नाय." त्या म्हणाल्या, मग दुसरं करून द्या, मोठं, पलंगाच्या मापाचं. आईला किंमत सांगताच येईना. मग मी हिशोब केला. चार बाय सहा फुटांची गोधडी, तीच अर्ध्या इंचाची ओळ, तेच तीन टाके. २०,७३६ टाके होतात. आईच्या वेगाने २३ तास. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९. म्हणजे सरकारी किमान हिशोबाने फक्त टाक्यांचे ८९७ रुपये. कापड, दोरा, धुणं, थर लावणं वेगळं. पंधराशेच्या खाली हाताने शिवलेली गोधडी मिळाली तर समजा की कोणीतरी आपला वेळ फुकट दिलाय, किंवा ती हाताने शिवलेलीच नाही. ओळखायचं कसं? उलटी करून बघा. धावदोऱ्यात दोन्ही बाजूंना टाका, मग गॅप, मग टाका असं दिसतं. मशीनची शिवण सलग असते, मधे गॅप नसते.

आईला हा हिशोब आवडला नाही. "माणसाक घामाचे पैशे सांगूचे?" असं तिचं म्हणणं. इथे माझं आणि तिचं जमत नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी, चितार आळीतलं काम, गंजिफा, याला बाजार आहे, किंमत आहे, म्हणून ते करणारे टिकले. गंजिफा तर मरत आली होती, सावंतवाडीच्या राजघराण्याने पुढाकार घेऊन ती पुन्हा उभी केली. गोधडीला आपल्याकडे कधी दुकानच नव्हतं. ती बायकांनी घरच्या घरी केली, म्हणून तिला किंमत नाही असं सगळ्यांनी धरलं, बायकांनीसुद्धा. माझं मत असं की नव्या सुती कापडाची, दर्जीच्या चिंध्यांची गोधडी खुशाल विकावी आणि पूर्ण पैसे मागावेत. आजीच्या लुगड्याचं दुपटं विकू नये. एकाच वस्तूचे हे दोन प्रकार आहेत, त्यांची गल्लत नको. आईने त्या बाईंना अजून हो किंवा नाही कळवलेलं नाही. बाईंचा मेसेज माझ्या फोनवर पडून आहे.

तुम्हाला करायचं असेल तर घरी गेल्यावर आधी पेटी उघडा, आणि विचारून उघडा. कापड सुती आहे का बघायला कडेचा एक धागा काढून जाळा, बाहेर अंगणात, वाटीत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पांढरी धोतरं, आजोबांच्या लुंग्या, जुन्या सुती चादरी, सगळं चालतं. पहिल्यांदा करत असाल तर दोन फूट बाय दोन फूटच घ्या. त्याला ३,४५६ टाके लागतात, चार दिवसांच्या सुट्टीत होतात.

आणि एक, परदेशात कोणाला पाठवणार असाल तर. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर बाळाच्या झोपायच्या जागेत मोकळं पांघरूण ठेवू नका असं सांगतात. म्हणून पाठवताना सांगा की हे जमिनीवर अंथरून बाळाला पालथं खेळवायला आहे, कोणीतरी जवळ बसलेलं असताना. उगाच तिकडच्या आईला धर्मसंकट नको.

आज संध्याकाळपर्यंत आमच्या शेवटच्या अकरा ओळी राहिल्यात. काकी भाऊबीजेला येतेय. निळं लुगडं पेटीतच आहे. ते तिला अखंड द्यावं असं आई काल म्हणाली. माझ्या चुलतभावाच्या घरीही पुढच्या वर्षी पाळणा हलणार आहे, हे काकीने फोनवर सांगितलं तेव्हा आई फक्त "बरा झाला" म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.