तुटलेलं दगडी, फुटलेलं मातीचं

बागेतल्या दगडी दीपस्तंभाचा कळस तुटला किंवा चिनीमातीच्या बदकाची मान निखळली, तर घाईने टाकून देऊ नका. जोडता येतं. फक्त गोंद योग्य हवा. लाकडाचा पांढरा गोंद पावसात मऊ पडतो. झटपट चिकटणारा थेंबाचा गोंद ठिसूळ, शिवाय सच्छिद्र दगड तो पिऊनच टाकतो. उघड्यावर टिकतो तो दोन ट्यूबांचा इपॉक्सी.

आधी शेवाळ ब्रशने घासून काढा आणि तुकडे पूर्ण वाळू द्या. भाजलेली माती आतून बराच काळ ओली राहते, आणि अर्ध्याहून अधिक जोड तिथेच फसतात असं माझं मत. गोंद न लावता तुकडे एकदा जुळवून पाहा. मग पातळ थर द्या, बाहेर आलेला गोंद लगेच पुसा. वस्तू वाळूच्या बादलीत अशी रोवा, की वरचा तुकडा स्वतःच्याच वजनाने बसून राहील. दिवसभर हात लावू नका. उन्हात इपॉक्सी पिवळा पडतो, म्हणून फटी भरताना त्यात त्याच दगडाची पूड मिसळा.

जड दगडाला आतून सळई लागते, ती स्टेनलेस स्टीलची. अथेन्सच्या पार्थेनॉनवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्तीसाठी लोखंडी पट्ट्या बसवल्या होत्या. त्या गंजून फुगल्या, संगमरवर तडकला. पुढे तिथे टायटॅनियम वापरावं लागलं.

जुनी मूर्ती किंवा वीरगळ असेल, तर मात्र हे प्रयोग नकोत; पुरातत्त्व खात्याला कळवा.