भाड्याचं घर, पण आपलं घर
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेलं भाषण)



लहान घर कसं सजवावं यावर मला बोलायला सांगितलंय. मी काही डेकोरेटर नाही. पण चेन्नईत भाड्याची चार घरं बदलली आहेत, त्यामुळे अनुभव भरपूर!

इथं घर घ्यायचं म्हणजे आधी ‘अ‍ॅडव्हान्स’. पूर्वी दहा-दहा महिन्यांचं भाडं आधीच मोजून द्यावं लागे. वर करार अकरा महिन्यांचा, आणि भिंतीला खिळा ठोकायचा नाही! त्यामुळे आमचं एकच पालुपद, “कशाला सगळं उघडायचं? उद्या बदली झाली तर?” तीन वर्षं खोकी तशीच बांधलेली. एकदा सांगलीहून आई आली. दोन दिवस बघून म्हणाली, “अगं, हे घर आहे की एसटी स्टँड? बदली होईल तेव्हा होईल, पण ही तीन वर्षं तर गेलीच ना?” शब्द मनाला लागला. त्याच रात्री खोकी उघडली.

पहिला धडा जमिनीचा. दहा बाय दहाच्या खोलीत सहा बाय तीनचा सोफा ठेवला, की शंभरातले अठरा चौरस फूट गेले. आम्ही सोफा काढून खाली कप्पे असलेला बुटका दिवाण आणला. चार पाहुणे आले, की सतरंजी अंथरायची. इरोडजवळच्या भवानी गावचं जमक्काळम त्यासाठी फार छान. रंगीत पट्ट्यांचं, टिकाऊ, आणि नावही आपल्या जमखान्याच्या जवळचं! काम झालं की घडी घालून कपाटात. जितकी जमीन मोकळी दिसते, तितकी खोली मोठी वाटते.

दुसरा धडा वारा आणि उजेडाचा. इथं उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. पूर्वेच्या खिडकीला कपाट लावून तो अडवू नका. पडदे पातळ, फिक्या रंगाचे घ्या. खिडकीसमोरच्या भिंतीला आरसा टेकवून ठेवा. खिळा लागत नाही, आणि उजेड मात्र वाढतो.

तिसरा धडा पैसे मोजून शिकलो. तेव्हा आम्ही वेलचेरीत तळमजल्यावर होतो. डिसेंबर २०१५ च्या पुरात घरात पाणी शिरलं. भुश्याच्या फळ्यांचं नवं कपाट फुगून पावासारखं झालं. आईची जुनी लोखंडी ट्रंक मात्र पुसली आणि पुन्हा वापरात आली! तळमजल्यावर राहणाऱ्यांनी कागदपत्रं आणि फोटोंचे आल्बम माळ्यावरच ठेवावेत.

आता आपलेपणाचं. त्यासाठी वस्तू खूप लागत नाहीत. आमच्याकडे आजीची पितळी समई, मुलांनी काढलेली चित्रं आणि कुंडीतली तुळस एवढंच आहे. चित्रं खिळ्यांऐवजी दोरीला चिमट्यांनी लावली. दाराबाहेर इथल्या बायका कोलम काढतात, मी शेजारी आपली रांगोळी काढते. त्याला कुठल्याच घरमालकाची हरकत नसते!

आणि गणपती? “एवढ्याशा घरात कुठं बसवायचे?” म्हणून आम्ही दोन वर्षं टाळलं. शेवटी शेजारच्या मामींनी त्यांच्या नवरात्रातल्या कोलूच्या घडीच्या पायऱ्या दिल्या. त्यावर माझी जुनी नऊवारी अंथरली, दोन्ही बाजूंना समया लावल्या, झाली आरास! उत्सव संपला की पायऱ्या मिटून परत मामींकडे, कारण पुढं नवरात्र त्यांचं.

त्या वर्षी आई पुन्हा आली. घराबद्दल काही बोलली नाही. खिडकीपाशी सतरंजीवर बसून दुर्वा निवडत राहिली. तिसऱ्या दिवशी मात्र हळूच म्हणाली, “माझं परतीचं तिकीट आठ दिवस पुढं ढकलता येईल का गं?”

मंडळी, घर भाड्याचं असतं, दिवस भाड्याचे नसतात. ज्यांची खोकी अजून बांधलेली असतील, त्यांनी आज घरी जाऊन निदान एक तरी उघडा.

गणपती बाप्पा मोरया!