आपल्या नळाचे पाणी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस 'शहाजीराजे आणि बंगळूर' हा विषय सुचविला होता. विषय थोर खरा. परंतु राजांच्या येथील जहागिरीचे वर्णन या व्यासपीठावरून इतक्या वेळा झाले आहे की त्यात आम्ही भर ती काय घालणार? म्हणून चिटणीसांच्या अनुमतीने आम्ही आज नळाच्या पाण्याविषयी बोलणार आहोत. आम्ही अभियंते नव्हे, नगरसेवकही नव्हे. पाण्याचे बिल भरणारे सामान्य नागरिक, एवढाच आमचा अधिकार.

आपले मंडळ १९७४ साली स्थापन झाले आणि कावेरीचे पाणीही या शहरास प्रथम त्याच साली मिळाले. तत्पूर्वी शहराची तहान अर्कावती नदीवर भागत असे. १८९४ पासून हेसरघट्टा आणि १९३३ पासून तिप्पगोंडनहळ्ळी येथील जलाशयांतून पाणी येई. कावेरी येथून सुमारे शंभर किलोमीटर दूर आणि जवळजवळ पाचशे मीटर खाली आहे. तोरेकाडनहळ्ळी येथे शुद्ध केलेले पाणी तीन टप्प्यांत पंप लावून वर चढवावे लागते. कर्जतहून बोरघाट चढून खंडाळ्यास येताना जेवढी उंची गाठावी लागते, साधारण तेवढीच ही चढण. आपण अंगणात सहज ओततो ती प्रत्येक बादली असा घाट चढून आलेली असते.

या शहरास स्वतःची मोठी नदी नाही, हे जुन्या लोकांनी पक्के ओळखले होते. केंपेगौडांनी १५३७ च्या सुमारास शहर वसविले तेव्हापासून येथे तळी बांधली गेली. एक तळे भरले की त्याचे पाणी कालव्याने पुढच्या तळ्यात जाई. या मोठ्या कालव्यांस येथे 'राजकालुवे' म्हणतात. आज धर्मांबुधी तळ्याच्या जागी मध्यवर्ती बसस्थानक आहे. गणपतीसाठी गावी जाताना आपण जेथे रात्रीची बस पकडतो, तो तळ्याचा तळ होय! संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण झाले. उरलेल्यांत सांडपाणी सोडले गेले. बेळ्ळंदूर तळ्यावरील फेस रस्त्यावर उडू लागला आणि २०१५, २०१७ व २०१८ साली त्या तळ्याने चक्क पेट घेतला. पाण्यास आग लागलेली पाहण्याचे भाग्य आमच्या पिढीच्या वाट्यास आले.

मग सप्टेंबर २०२२ मध्ये शहराचा पूर्व भाग पाण्याखाली गेला, आणि मार्च २०२४ मध्ये तेच शहर टँकरच्या मागे धावले. पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यास पाच हजार रुपये दंड जाहीर झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरीच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले. त्यातून दिवसाला ७७.५ कोटी लिटर पाणी हद्दीलगतच्या, नंतर शहरात आलेल्या ११० गावांसाठी आणण्याची ही योजना. योजना चांगलीच आहे. परंतु प्रत्येक टंचाईवर आणखी दुरून पाणी आणणे हाच उपाय असेल, तर तो किती काळ पुरणार, अशी शंका आमच्या मनात येते.

आता थोडे घरचे. त्या मार्चमध्ये आमच्या इमारतीच्या दोन्ही बोअरवेल आटल्या. बैठक भरली, सरकारला दोष देण्यात आम्ही सर्वांत पुढे होतो. पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याचा खड्डा इमारतीच्या नकाशावर होता. तसा कायदाच येथे २००९ पासून आहे. खड्डा उघडला तेव्हा आत फुटक्या फरश्या निघाल्या आणि त्यांखाली आमच्याच गणेशोत्सवाच्या मखराचे अवशेष. सभेतील दोन मराठी कुटुंबे त्या दिवशी पुढे फारसे बोलली नाहीत.

शेजारच्या कन्नड आजींनी मात्र आम्हांस एक प्रश्न विचारला. "तुम्ही नेहमी 'तुमच्या गावात पाणी नाही' असे म्हणता. बावीस वर्षे झाली, अजून हे गाव आमचेच का?" आम्हांस उत्तर देता आले नाही. प्रभागाच्या सभेची सूचना आठवडाभर फाटकावर लावलेली होती, ती कन्नडमध्ये असल्याने आम्ही वाचलीच नव्हती. मुंबईत परप्रांतीयांस मराठी येत नाही म्हणून हळहळणारे आम्ही!

कार्यकारिणीपुढे आमची सूचना अशी. आपल्या सभागृहाचे छप्पर दोनशे चौरस मीटरचे आहे. येथे वर्षाकाठी नऊशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; म्हणजे त्या छपरावर एक लाख ऐंशी हजार लिटर पाणी पडते आणि गटारात जाते. सुवर्णमहोत्सवी निधीतून प्रथम पन्हळी, गाळणी आणि टाकी करावी. रंगमंचाच्या नव्या मखमली पडद्याचा प्रस्ताव आहे हे आम्ही जाणतो, आणि पडद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत आमच्या घरातील मंडळीही आहेत. तरीही पडदा एक वर्ष थांबू शकेल, पाऊस जूनमध्ये येणारच.

दुसरे, दर शनिवारी सायंकाळी याच सभागृहात कन्नड वाचनाचा वर्ग सुरू व्हावा. त्या आजी शिकविण्यास तयार आहेत. वहीत पहिले नाव आम्ही आमचेच लिहिले आहे. वही बाहेर चहाच्या टेबलावर ठेवली आहे.