आजोबांचे खिशातले घड्याळ : त्याचे वय कसे ओळखावे



लोणारला पहिल्यांदा येणारा माणूस विवराच्या काठावर उभा राहिला की बहुधा एकच प्रश्न विचारतो : हे किती जुनं? गावकरी लवणासुराची कथा सांगतात, शास्त्रज्ञ आकडा सांगतात. आणि गंमत अशी की कथा तीच राहिली, आकडा मात्र बदलला. बरीच वर्षे हे विवर सुमारे ५० हजार वर्षांचे समजत. २०१० साली आर्गॉन वायूच्या पद्धतीने केलेले मोजमाप प्रसिद्ध झाले आणि ते वय एकदम ५ लाख ७० हजारांवर गेले. त्यातही ४७ हजार वर्षे अलीकडे-पलीकडे धरायची!

मला आज बोलायचे आहे ते याहून फार लहान वस्तूच्या वयाविषयी. जुन्या घरांत, कडीपाटाखालच्या लाकडी पेटीत, दस्तऐवजांच्या गाठोड्याशेजारी कधी कधी एक जाड, गोल, साखळीचे घड्याळ निघते. पणजोबांचे असे घरातले म्हणतात. ते चालत नाही. मग केव्हा तरी पैशाची नड पडते, घड्याळ सराफाकडे जाते. सराफ कवच काढतो, चांदी वजनावर घेतो आणि आतले यंत्र बाजूला टाकतो. झाले! ज्या भागावर त्या घड्याळाचा जन्मदाखला कोरलेला असतो तोच भाग कचऱ्यात जातो. तसे होऊ नये म्हणून हे चार शब्द.

वऱ्हाडात अशी घड्याळे आली कशी? त्याचे उत्तर कापसात आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचे युद्ध चालले होते. दक्षिणेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. पाठोपाठ आगगाडी आली. १८६७ साली ती भुसावळ, मलकापूर, शेगाव करीत नागपूरला पोहोचली आणि १८७० साली जलंब-खामगाव फाट्याचे उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले. कापसाबरोबर पैसा आला, आगगाडीबरोबर मिनिटाचा हिशेब आला. तोवर घटका आणि प्रहर पुरत होते. गाडी मात्र प्रहरावर थांबत नाही!

आता योगायोग पाहा. ज्या युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला भाव आणला, त्याच युद्धाने अमेरिकेतला घड्याळांचा एक बुडता कारखाना तारला. आरन डेनिसन नावाचा एक घड्याळजी होता. सरकारी शस्त्रागारात बंदुकांचे सुटे भाग यंत्रावर असे तयार होत की एका बंदुकीचा भाग दुसरीला बसावा. घड्याळेही तशीच का करू नयेत, असे त्याच्या मनाने घेतले. इंग्लंडात तेव्हा एकेक कारागीर घरी बसून एकेक भाग घडवी. एका घड्याळाचे चाक दुसऱ्याला बसेल अशी खात्री नसे. डेनिसनने एडवर्ड हॉवर्ड वगैरे भागीदारांबरोबर १८५० साली रॉक्सबरी येथे काम सुरू केले. १८५४ साली कारखाना मॅसॅच्युसेट्समधल्याच वॉल्थम गावी गेला. १८५७ साली दिवाळे वाजले. लिलावात रॉयल रॉबिन्स या गृहस्थांनी तो घेतला. पुढे युद्ध पेटले. शिपायांना स्वस्त आणि दणकट घड्याळ हवे होते. 'विल्यम एलरी' या नावाचा साधा नमुना त्यांच्यात हातोहात खपला. १८६४ साली शिकागोजवळ एल्जिनची कंपनी निघाली, १८९२ साली लँकेस्टरची हॅमिल्टन. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात वॉल्थमची यंत्रे पाहून स्वित्झर्लंडचे पाहुणे इतके हादरले की मायदेशी परतून त्यांनी आपल्या लोकांना धोक्याचा इशारा देणारे अहवाल लिहिले. स्विस मंडळी शहाणी. त्यांनी इशारा ऐकला, यंत्रे बसवली आणि पुढच्या शतकात अमेरिकनांना मागे टाकले. वॉल्थमच्या कारखान्यातले घड्याळांचे काम १९५७ साली थांबले. हॅमिल्टन हे नाव आज एका स्विस समूहाच्या मालकीचे आहे.

इतका इतिहास अशासाठी सांगितला की वय ओळखण्याची किल्ली त्यातच आहे. यंत्रावर हजारोंनी माल काढायचा तर प्रत्येक नगाला क्रमांक हवा. अमेरिकन कारखान्यांनी आतल्या यंत्राच्या पितळी तबकावर अनुक्रमांक कोरला, आणि त्यांच्या नोंदींवरून क्रमांक व साल यांचे तक्ते पुढे छापले गेले. वॉल्थमचा १० लाखावा क्रमांक १८७७ च्या सुमाराचा, १ कोटीचा १९०० च्या आसपासचा, २ कोटींचा १९१५ च्या आसपासचा. एल्जिनचे पहिले घड्याळ १८६७ सालचे आणि त्याचा क्रमांक १०१. १० लाख १८८२ च्या सुमारास, १ कोटी १९०३ च्या आणि २ कोटी १९१७ च्या सुमारास. क्रमांक एकदम दिले जात आणि माल मागेपुढे बाहेर पडे, म्हणून एखाद-दोन वर्षांची सूट ठेवावी. विवराच्या ४७ हजार वर्षांपुढे ही सूट काहीच नाही, नाही का?

उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या घरी सांगतात की हे घड्याळ खामगावचा रेल्वेफाटा उघडला तेव्हा पणजोबांनी घेतले. मागचे झाकण उघडले. आत 'एल्जिन' असे नाव आणि १ कोटी २० लाखांच्या घरातला क्रमांक. म्हणजे घड्याळ १९०५ च्या सुमाराचे. १८७० साली एल्जिनचे क्रमांक जेमतेम लाखाच्या आसपास होते. मग घरची गोष्ट खोटी का? तसे म्हणण्याची घाई मी करणार नाही. पणजोबांनी १८७० साली घड्याळ घेतलेही असेल. ते हे नव्हे एवढेच. आजोबांनी पुढे दुसरे घेतले असेल आणि दोन आठवणी एकाच साखळीला अडकल्या असतील. क्रमांकाने घरची गोष्ट मोडत नाही, ती दोन पिढ्यांत नीट वाटली जाते.

आता क्रमांक पाहताना लोक कुठे चकतात ते सांगतो. पहिली गोष्ट, कवचावरचा क्रमांक. झाकणाच्या आतल्या बाजूला मोठा ठळक आकडा असतो आणि डोळा तिथेच जातो. तो कवच करणाऱ्याचा आकडा. अमेरिकेत कवच आणि यंत्र पुष्कळदा वेगवेगळे विकत. गिऱ्हाईक दुकानात यंत्र निवडी आणि आपल्या ऐपतीप्रमाणे चांदीचे, निकेलचे किंवा सोन्याच्या पत्र्याचे कवच त्यावर चढवून घेई. तेव्हा कवचाचा आकडा कारखान्याच्या तक्त्यात शोधाल तर भलतेच साल निघेल. आतला, यंत्राच्या अंगावरचाच आकडा घ्यायचा.

दुसरी गोष्ट, 'पेटंट' या शब्दापुढची तारीख. वॉल्थमच्या कित्येक यंत्रांवर १८६५ सालच्या एका पेटंटची तारीख कोरलेली आहे. ती त्या युक्तीची तारीख, घड्याळाची नव्हे. तिच्यावरून एवढेच ठरते की घड्याळ त्याआधीचे नाही. १८६५ दिसले की १८६५ चे म्हणून दुप्पट किंमत सांगणारे विक्रेते पुष्कळ आहेत. सगळेच लबाड नसतात. काहींनाही तेच वाटत असते.

तिसरी गोष्ट नावाची. यंत्रावर 'पी. एस. बार्टलेट' असे कोरलेले असले तर बार्टलेट हा मालक किंवा कारागीर समजू नका. ती नमुन्याची नावे. बार्टलेट हा वॉल्थममधला एक मुकादम, विल्यम एलरी हा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा एक जण, आणि एल्जिनच्या पहिल्या घड्याळावरचे बी. डब्ल्यू. रेमंड हे शिकागोचे माजी नगराध्यक्ष.

कवच अगदीच मुके असते असे मात्र नाही. इंग्रजी साम्राज्याच्या बाजारपेठेसाठी वॉल्थमची यंत्रे पुष्कळदा इंग्लंडात जाऊन तिथल्या चांदीच्या कवचात बसत. अशा कवचात बारीक शिक्के असतात : नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, चालता सिंह म्हणजे कसाची चांदी, आणि एक इंग्रजी अक्षर, ते वर्षाचे. शिवाय 'ए. एल. डी.' ही अक्षरे दिसली तर थोडे थांबा. ती आरन लफ्किन डेनिसनची. होय, तोच! स्वतः काढलेला कारखाना हातचा गेला, तो इंग्लंडात येऊन बर्मिंगहॅमला कवचे करू लागला आणि आपल्याच जुन्या कारखान्याच्या यंत्रांना अंगरखे शिवत राहिला. मला या साऱ्या इतिहासात हा माणूस सर्वांत जवळचा वाटतो. सोन्याच्या पत्र्याच्या कवचावर '२० वर्षांची हमी' असे शब्द असतील तर कवच बहुधा १९२४ च्या आधीचे. त्या साली अमेरिकेत वर्षांची अशी हमी कोरण्यास मनाई झाली.

रेल्वेचे घड्याळ हा शब्दही आपल्याकडे सैल वापरतात. झाकणावर इंजिनाचे चित्र असले की झाले रेल्वेचे! अमेरिकेत त्याचा अर्थ पक्का होता. १८९१ च्या एप्रिलमध्ये ओहायो राज्यात किप्टन येथे टपालगाडी आणि उतारूगाडी समोरासमोर आदळल्या. चौकशीत निघाले की एका चालकाचे घड्याळ चार मिनिटे बंद पडून पुन्हा चालू झाले होते. चार मिनिटे! त्यात माणसे गेली. पुढे वेब बॉल या घड्याळजींच्या देखरेखीखाली कडक नियम झाले : किमान १७ माणके, पाच स्थितींत तपासणी, आठवड्यात ३० सेकंदांहून अधिक फरक नको, तबकडी उघडी आणि आकडे ठळक. हे सारे पाळणारे ते रेल्वेचे घड्याळ. दुसऱ्या टोकाला इंगरसोलचे एक डॉलरचे घड्याळ, १८९६ पासूनचे. त्यात माणकांचे नाव नाही, पण ते गरिबाच्या खिशात गेले. इंगरसोल गांधीजींच्याही वापरात होते.

आणि एक सावधगिरी. आपल्याकडच्या पेट्यांतून निघणारी सारीच घड्याळे अमेरिकन नसतात, किंबहुना बहुसंख्य स्विस असतात. मुंबई-कलकत्त्याच्या वेस्ट एंड वॉच कंपनीची, फावर-लबाची नावे तबकडीवर दिसतील. आतले यंत्र स्वित्झर्लंडचे. शिवाय १८७०-८० च्या दशकांत काही स्विस कारखान्यांनी अमेरिकन नावांशी मिळतीजुळती नावे कोरून नकली माल खपवला. नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे दिसले तर तक्ता मिटून ठेवा. त्या घड्याळाला तो लागू नाही.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. पणजोबा हे घड्याळ कोणत्या वेळेला लावीत असतील? तेव्हा आगगाडी मद्रासच्या वेळेने चाले आणि मुंबई शहर मुंबईच्या वेळेने. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली; मुंबईत तर जुनी वेळ काही ठिकाणी १९५५ पर्यंत टिकून होती. लोणारचे रेखांश सुमारे साडेशहात्तर अंश. हिशेब केला तर लोणारचा सूर्य मद्रासच्या मागे १५ मिनिटे आणि मुंबईच्या पुढे १५ मिनिटे, अगदी मध्यावर! आजच्या प्रमाणवेळेच्या तो २४ मिनिटे मागे. म्हणजे लोणारच्या माणसाने सूर्य डोक्यावर पाहून काटे लावले आणि मग मलकापूरला गाडी धरायला गेला, तर त्याच्या घड्याळात पंधरा मिनिटे शिल्लक असताना गाडी सुटलेली असायची.

कुणी म्हणतील, लोणारला मोठ्या मारुतीजवळ होकायंत्राची सुई फिरते असे सांगतात, तिथे घड्याळही बिघडत असेल. लोहचुंबकाने घड्याळ बिघडते हे खरे. आतल्या बारीक कमानीचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ भरधाव पळू लागते. पण त्याला चांगला जोरदार चुंबक लागतो. होकायंत्राची सुई फार हळवी असते, तिला थोडेही पुरते. तेव्हा मारुतीला दोष देऊ नका.

आता घरी घड्याळ असेल तर एवढे करा. मागचे झाकण आधी डावीकडे फिरवून पाहा. पुष्कळ अमेरिकन झाकणे आट्यांची असतात, त्यांत सुरी घालू नका. बिजागरी दिसली तरच नखाने उचला. आतले तबक पुसू नका, रांगोळीने किंवा चिंचेने तर मुळीच घासू नका. अक्षरे गेली की दाखला गेला. चालू करण्यासाठी किल्ली पिळू नका. वाळलेल्या तेलात ते चालले तर आस झिजते, आधी घड्याळजीकडून साफ करून घ्या. भिंगाने नाव आणि क्रमांक वाचून कागदावर उतरवा. त्याखाली घड्याळ कोणाकडून कोणाकडे आले ते घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारून लिहा, आणि तो कागद त्याच पेटीत ठेवा.