ज्युबिली आणि राष्ट्रांचे ऋण
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगी झालेले भाषण)



लेवीय ग्रंथाच्या 25 व्या अध्यायात प्रभूने इस्राएल प्रजेस आज्ञा केली की, पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ धन्याच्या कुळास परत जावी. तेव्हा ज्युबिली म्हणजे केवळ रोषणाई व मिरवणूक नव्हे. ज्याचे त्यास परत करण्याचे ते वर्ष होय. याच कसोटीवर आज एक मोठा हिशेब पाहण्याचे आम्ही योजिले आहे. पृथ्वीचे हवामान बिघडले. त्याचा भार कोणत्या राष्ट्राने किती उचलावा?

मूळ तत्त्व जुनेच आहे. कॅनडातील ट्रेल गावी धातू गाळण्याचा कारखाना होता. त्याचा गंधकयुक्त धूर सरहद्द ओलांडून अमेरिकेतील शेते व झाडे करपवू लागला. लवादाने 1938 साली 78,000 डॉलर भरपाई ठरविली. आणि 1941 साली असा निवाडा दिला की, आपल्या भूमीतील धुराने दुसऱ्या राष्ट्राचे गंभीर नुकसान होऊ देण्याचा अधिकार कोणत्याही राष्ट्रास नाही.

परंतु तेथे धुराडे एकाच कारखान्याचे होते. येथे असंख्य धुराड्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धूर एकाच आकाशात मिसळला आहे. यास्तव 1992 च्या हवामान-करारात राष्ट्रांनी असे तत्त्व मान्य केले की, जबाबदारी सर्वांची सामाईक, तथापि वाटा सर्वांचा सारखा नव्हे. प्रगत राष्ट्रांनी पुढाकार घ्यावा. 2015 च्या पॅरिस करारानेही हे तत्त्व राखिले. मात्र त्याच वेळच्या ठरावात, हानीविषयीच्या कलमातून नुकसानभरपाईचा हक्क उत्पन्न होत नाही, असेही लिहून ठेविले. म्हणजे द्यावयाचे ते मदत म्हणून, देणे म्हणून नव्हे!

या मुद्द्यावर वानुआतू या लहानशा द्वीपराष्ट्राने पुढाकार घेतला, आणि प्रश्न हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला. 23 जुलै 2025 रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले की, हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे. ते मोडल्यास, आणि त्यामुळेच हानी झाल्याचे सिद्ध झाल्यास, पूर्ण भरपाईही देणे येऊ शकते. हे मत सल्लावजा आहे, हुकूमनामा नव्हे. तरी त्याने दान आणि देणे यांतील भेद स्पष्ट केला.

हा भेद आपणांस नवा नाही. जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांस देऊ केली. आणि ज्यांस नाडले त्यांस चौपट परत करण्याचे वचन वेगळे दिले. दानाच्या खात्यावर त्याने ऋण फेडले नाही. पोप फ्रान्सिस यांनीही 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात श्रीमंत राष्ट्रांच्या अशाच पर्यावरणीय ऋणाचा उल्लेख केला आहे.

पण बंधूंनो, बोट दुसऱ्याकडे दाखविताना आपणही सावध असावे. आपल्या देशाचा दरडोई धूर जगाच्या सरासरीहून कमी. परंतु एकूण मानाने आपण तिसरे आहोत. गरीब कोळ्याच्या नावावर मिळालेली सवलत श्रीमंताच्या बंगल्याने भोगू नये. जो न्याय राष्ट्राराष्ट्रांत मागावयाचा, तोच घराघरांतही लागू आहे.

ज्याचे त्यास परत करण्याची बुद्धी प्रभू आपणां सर्वांस देवो, इतकी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.