दवाखाना जवळचा, माणूस ओळखीचं
(कार्यकर्ता शिबिरात एका डॉक्टर साथीने केलेलं भाषण)



जमिनीच्या शिबिरात दवाखान्याचं कशाला, असं काहींना वाटेल. पण आपापल्या पाड्याचा हिशोब मांडून बघा. बैल कधी विकला? सावकाराकडून पहिला पैसा कधी उचलला? बहुतेक घरांत उत्तर एकच, आजारपणात. केस लढून राखलेली जमीन तापापायी गहाण पडते.

आपले बरेचसे आजार म्हणजे ताप, जुलाब, खोकला, खरूज. त्याला शहरातलं मोठं हॉस्पिटल लागत नाही. जवळचं, वेळेवर भेटणारं, ओळखीचं माणूस लागतं. जुलाबात पोर दगावतं ते अंगातलं पाणी गेल्यानं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोट घोट पाजत राहा. अंगावरचं दूध, पेज बंद करू नका. डोळे खोल गेले, पोर पिईना, शौचात रक्त दिसलं, तर थांबू नका, दवाखाना गाठा.

टीबीचं औषध कमीत कमी सहा महिने. दोन महिन्यांत बरं वाटतं, माणूस गोळ्या सोडतो, रोग पुन्हा उठतो. 'गोळी घेतली का?' हे घरी येऊन कोण विचारणार? शहरात फॅमिली डॉक्टर असतो. आज्याचा दमा, सुनेचं बाळंतपण, नातवाचा ताप, सगळं त्या एकाला ठाऊक. आपल्याला तसंच माणूस पाहिजे.

आपल्याकडं काय होतं? डॉक्टरला पाड्याची वाट, आपली बोली कळू लागते तोवर त्याची बदली. त्याचीही अडचण आहे. राहायची खोली गळते, औषधं संपलेली, अर्धा दिवस कागद भरण्यात. नुसत्या शिव्या देऊन हे सुटणार नाही. मग बाजारातला सुईवाला फावतो. सलाईन म्हणजे ताकद, असं सांगून पैसे काढतो. त्या बाटलीत बहुतेक वेळा मीठ नाहीतर साखरेचं पाणीच असतं!

वाट आहे. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावच्याच बायांना तयार केलं. त्यातल्या कित्येक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं गावच्याच माणसांना पोराचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. बालमृत्यू घटले. म्हणजे आपली माणसं हे करू शकतात. पण त्यांच्या पाठीशी चालता दवाखाना लागतोच. अडलेली बाळंतीण गोळीनं सुटत नाही.

सरकारचाच नियम आहे. आदिवासी भागात २०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ३,००० वस्तीला एक उपकेंद्र. हे उपकार नाहीत. म्हणून गावोगाव बैठका घ्या आणि ठरवा:

१. दर पाड्यानं एक बाई निवडावी, तिच्या शिक्षणाची मागणी करावी.
२. नर्सबाई कधी आली, कोणतं औषध नव्हतं, हे वहीत तारखेनिशी लिहावं.
३. ती वही घेऊन, जमिनीच्या अर्जासारखंच, सगळ्यांनी मिळून जावं.

जमीन राखायची, तर ती कसणारा जीव आधी राखला पाहिजे.

जिंदाबाद!